ताऱ्याची चाल आणि दुर्बिणीचे घड्याळ

आकाशातील तारा दुर्बिणीत आणणे हे काम फारसे अवघड नाही. आणलेला तारा दुर्बिणीत टिकवून धरणे हे मात्र अवघड आहे. पृथ्वी आपल्या आसाभोवती २३ तास ५६ मिनिटे व सुमारे ४ सेकंद इतक्या अवधीत एक फेरी पुरी करते. ह्या अवधीस नाक्षत्र दिवस असे म्हणतात. पृथ्वीच्या ह्या फिरण्यामुळे सारे नभोमंडल पूर्वेकडून पश्चिमेकडे सरकताना दिसते, आणि त्या सरकण्याचा वेग दर सेकंदास १५ विकला इतका असतो. अंशाचा साठावा भाग ती कला व कलेचा साठावा भाग ती विकला, हे श्रोत्यांच्या स्मरणात असेलच. हे माप ऐकावयास क्षुद्र वाटते. परंतु एवढ्याच वेगाने खगोलीय विषुववृत्तावरील तारा पूर्ण चंद्रबिंबाच्या रुंदीएवढे अंतर दोन मिनिटांत ओलांडून जातो. दुर्बीण जितकी अधिक मोठे करून दाखविणारी, तितके तिचे दृष्टिक्षेत्र लहान. त्यामुळे शक्तिमान दुर्बिणीतून तारा दिसेनासा होण्यास कित्येकदा अर्धे मिनिटही पुरते.

तेव्हा ताऱ्यामागोमाग दुर्बीण चालविणे भाग आहे, आणि तीही ताऱ्याच्याच चालीने. मनुष्याच्या ह्या खटपटीला साडेतीनशेहून अधिक वर्षे झाली. ह्या खटपटीचा इतिहास पाहू गेल्यास तो यंत्रांचा जितका आहे, त्याहून अधिक यंत्रांच्या चुका ओळखण्याचा आहे. तारा दुर्बिणीत ढळला की काहीतरी बिघडले आहे, एवढे कोणासही कळते. परंतु तो कोणत्या दिशेने ढळला, किती वेगाने ढळला, आणि ढळून परत आला की नाही, हे पाहून नेमके काय बिघडले आहे ते सांगणे, ही विद्या ज्योतिषशास्त्रज्ञांना हळूहळू साध्य झाली.

मूळ कल्पना अगदी सोपी आहे. दुर्बीण एका अशा अक्षावर बसवावी की, तो अक्ष पृथ्वीच्या आसाशी समांतर असेल, म्हणजेच त्याचे टोक खगोलीय ध्रुवाकडे रोखलेले असेल. मग एका अक्षाभोवती सावकाश फिरविले असता दुर्बीण ताऱ्याच्याच मार्गाने जाते. ह्या अक्षास ध्रुवाक्ष म्हणता येईल. ख्रिस्तोफ शायनर ह्या जर्मन जेझुइट पंडिताने सूर्यावरील डागांविषयीचा आपला मोठा ग्रंथ १६३० मध्ये पुरा केला. त्यात अशा मांडणीच्या दुर्बिणीचे वर्णन असून तिच्या कल्पनेचे श्रेय त्याने ग्रीनबर्गर ह्या आपल्या सहधर्मीयास दिले आहे. तथापि ही दुर्बीण हातानेच फिरवावी लागे. १६७४ मध्ये रॉबर्ट हूक ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने ध्रुवाक्षावर बसविलेले उपकरण घड्याळाच्या योगाने आपोआप फिरते ठेवण्याची योजना प्रसिद्ध केली. साध्या लंबकाचे घड्याळ टिकटिक करीत धक्क्याधक्क्याने पुढे जाते आणि ताऱ्याची गती तर अखंड आहे, ही अडचण हूकच्या ध्यानात आली होती. म्हणून त्याने गोल गोल फिरणाऱ्या लंबकाची योजना सुचविली. कल्पना उत्तम होती. परंतु ती व्यवहारात उतरावयास दीडशे वर्षे जावी लागली.

ती उतरविली योझेफ फ्राउनहोफर ह्या बव्हेरियातील भिंगकाराने. १८२४ मध्ये त्याने घडविलेली सुमारे २४ सेंटिमीटर व्यासाच्या भिंगाची दुर्बीण दोर्पात येथील वेधशाळेत दाखल झाली. हे गाव आज एस्टोनिया देशात असून त्याचे नाव तार्तू असे आहे. ह्या दुर्बिणीस वजनाने चालणारे घड्याळ जोडलेले होते व त्याचा वेग आवरण्यासाठी फिरत्या गोळ्यांचा वेगनियामक होता. विल्हेल्म स्ट्रूव्ह ह्यांनी तिच्या साहाय्याने दोन वर्षांच्या सुमारास सुमारे १,२०,००० तारे तपासले, व १८२७ मध्ये ३,११२ युग्मताऱ्यांची सूची प्रसिद्ध केली. तारा स्थिर उभा राहिल्याखेरीज दोन ताऱ्यांमधील विकलाभर अंतर मोजणे शक्यच नव्हते. दुर्बिणीच्या घड्याळाचे महत्त्व जगास पटले ते येथे.

स्ट्रूव्ह ह्यांच्या हाती एक मोठी सवलत होती, ती म्हणजे डोळा. डोळा क्षमाशील आहे. तारा थोडासा इकडेतिकडे झाला तरी तो त्याच्यामागे जातो, आणि यंत्राची चूक मनातल्या मनात दुरुस्त करून घेतो. छायाचित्रणाच्या काचेस ही क्षमा ठाऊक नाही. काचेवर प्रकाश पडत असता तारा जेथे जेथे गेला तेथे तेथे त्याची खूण उमटते आणि ती पुसता येत नाही. १८५० च्या जुलैत हार्वर्ड वेधशाळेच्या १५ इंची दुर्बिणीतून बाँड व व्हिपल ह्यांनी अभिजित ताऱ्याचे छायाचित्र घेतले. सूर्याखेरीज अन्य ताऱ्याचे हे पहिलेच छायाचित्र होय. परंतु घड्याळाची चाल पुरेशी सारखी नसल्यामुळे हे काम लवकरच थांबवावे लागले, आणि अधिक चांगले वेगनियामक लागू झाल्यावर १८५७ मध्ये ते पुन्हा हाती घेण्यात आले. पुढे हेन्री ड्रेपर ह्यांनी १८८० मध्ये मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे छायाचित्र ५१ मिनिटे काच उघडी ठेवून घेतले. १८८३ मध्ये इंग्लंडात अँड्र्यू कॉमन ह्यांनी आपल्या ३६ इंची आरशाच्या दुर्बिणीतून त्याच तेजोमेघाचे ३७ मिनिटांचे अधिक सरस चित्र घेतले. आणि १८८८ च्या डिसेंबरात आयझॅक रॉबर्ट्स ह्यांनी देवयानीतील तेजोमेघावर काच चार तास रोखून धरली. ५१ मिनिटांवरून चार तासांवर जाणे म्हणजे यंत्राकडून अनेक पटींनी अधिक सत्यनिष्ठा मागणे होय. म्हणूनच ह्या काळात दुर्बिणीच्या दोषांचे निदान हे एक स्वतंत्र शास्त्र बनले.

ह्या निदानाची किल्ली एका साध्या विचारात आहे. घड्याळ दुर्बिणीस केवळ ध्रुवाक्षाभोवती, म्हणजे पूर्वपश्चिम, फिरवू शकते. उत्तरदक्षिण दिशेवर त्याची सत्ता चालत नाही. यास्तव तारा उत्तरेस किंवा दक्षिणेस ढळू लागला तर घड्याळास बोल लावण्यात अर्थ नाही; दोष बहुधा ध्रुवाक्षाचा असतो, आणि तो खगोलीय ध्रुवाकडे नीट रोखलेला नाही असे समजावे. ध्रुवताऱ्याकडे तो रोखला म्हणजे काम झाले असेही नाही, कारण ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून आजही अर्ध्या अंशाहून अधिक दूर आहे. अक्ष एक अंशाने चुकला तर तारा मिनिटास सुमारे १६ विकलांपर्यंत ढळतो. केवळ एका कलेने चुकला तर तेवढाच ढळावयास तास लागतो. चार तासांच्या छायाचित्रास ही एका कलेची चूकदेखील घातक होय.

अक्ष चुकला आहे एवढे कळून भागत नाही. कोणीकडे चुकला ते कळावे लागते. त्यासाठी दोन ताऱ्यांची साक्ष काढतात. पहिला तारा दक्षिणेस, याम्योत्तर वृत्ताजवळ व विषुववृत्तालगत असा निवडावा. उत्तर गोलार्धात हा तारा दक्षिणेकडे ढळत असेल तर अक्षाचे टोक ध्रुवाच्या पूर्वेस गेले आहे, उत्तरेकडे ढळत असेल तर ते पश्चिमेस गेले आहे, असे जाणावे. दुसरा तारा पूर्व क्षितिजाच्या बाजूस निवडावा. तो दक्षिणेकडे ढळला तर अक्ष फार खाली आहे, उत्तरेकडे ढळला तर फार वर आहे. कोळ्याच्या जाळ्याचे दोन तंतू फुलीसारखे ताणून नेत्रभिंगात बसविलेले असतात; त्या फुलीवर तारा आणावा, पूर्वपश्चिम सरकण्याकडे तूर्त दुर्लक्ष करावे, आणि अक्षाचे स्क्रू किंचित फिरवीत फिरवीत तारा फुलीवर स्थिर होईपर्यंत धीर धरावा. ह्या पद्धतीस आकाशाखेरीज दुसरे कोणतेही उपकरण लागत नाही.

अक्ष सरळ झाला म्हणजे मग पूर्वपश्चिम सरकण्याचा विचार करावयाचा. येथे दोन निरनिराळ्या व्याधी आहेत व त्यांची लक्षणेही निरनिराळी आहेत. तारा एकाच दिशेस सारख्या वेगाने सरकत असेल तर घड्याळाची चाल मंद किंवा शीघ्र आहे. आपल्या नित्याच्या सौर वेळेने घड्याळ चालविले तर तारा तासाभरात सुमारे अडीच कला पुढे निघून जाईल, कारण नाक्षत्र दिवस सौर दिवसाहून जवळजवळ चार मिनिटांनी लहान आहे. घड्याळ तासास एका सेकंदाने चुकले तरी तारा १५ विकला ढळतो. हा दोष वेगनियामक जुळवून घेतल्याने जातो. १८८० नंतरच्या दशकात डब्लिनचे दुर्बीणकार सर हॉवर्ड ग्रब ह्यांनी त्यावर विजेचा उपाय काढला: वेधशाळेतील उत्तम लंबकाकडून दर सेकंदास विजेचा संदेश यावा व दुर्बिणीचे घड्याळ मागेपुढे झाले असेल तर त्यास तेथल्या तेथे आवरावे किंवा हाकावे.

दुसरी व्याधी अधिक चमत्कारिक आहे. तारा पूर्वेस सरकतो, थांबतो, मागे फिरतो, पश्चिमेस जातो आणि पुन्हा पूर्वस्थळी येतो. हा झोका ठरावीक मिनिटांनी पुनःपुन्हा होत राहतो. असा ढळणारा तारा घड्याळाविरुद्ध साक्ष देत नाही, तो मळसूत्राविरुद्ध साक्ष देतो. ध्रुवाक्षावर एक मोठे दातेरी चाक असते आणि त्याच्या दात्यांत अडकलेले मळसूत्र त्यास फिरवीत असते. चाकास ३६० दाते असतील तर मळसूत्राची एक फेरी सुमारे चार मिनिटांत होते. ते केसाच्या अंशाने जरी वाकडे कापले गेले असेल, तरी तोच वाकडेपणा दर चार मिनिटांनी ताऱ्याच्या चालीत उमटतो. झोक्याचा काळ मोजला व तो मळसूत्राच्या फेरीशी जुळला की अपराधी सापडला. लंबकाच्या संदेशाने हा दोष जात नाही, कारण घड्याळ बिचारे बरोबरच चाललेले असते. त्यावर कारागिरांचा उपाय म्हणजे मळसूत्र व चाक एकत्र फिरवून, मध्ये घासण्याची बारीक पूड व तेल घालून, दिवसेंदिवस घासत राहणे.

ह्याशिवाय दोन सूक्ष्म कारणे उरतात. वातावरणातील वक्रीभवनामुळे तारा आहे त्याहून उंच दिसतो. क्षितिजाजवळ हा फरक अर्ध्या अंशापर्यंत जातो व तारा चढेल तसा घटतो. म्हणून तारा सर्वत्र सारख्या चालीने गेल्यासारखा दिसतच नाही. हार्वर्डचे एडवर्ड किंग ह्यांनी ह्याचा अभ्यास करून, दुर्बिणीची चाल नाक्षत्र चालीहून यत्किंचित मंद ठेवणे इष्ट, असे दाखवून दिले. दुसरे कारण म्हणजे दुर्बिणीचे स्वतःचे वजन. ती कलते तसतशी तिची नळी लवते, आरसा आपल्या बैठकीत जरासा हलतो, आणि तारा न ढळताही काचेवर ढळतो.

ह्या सर्व दोषांशी एकाच वेळी गाठ पडण्याचा प्रसंग अमेरिकेतील लिक वेधशाळेत आला, आणि त्यातून एक मोठा शोध निघाला. कॉमन ह्यांची ३६ इंची दुर्बीण पुढे हॅलिफॅक्स येथील एडवर्ड क्रॉसली ह्या गृहस्थांनी विकत घेतली व १८९५ मध्ये कॅलिफोर्नियातील लिक वेधशाळेस देणगी म्हणून दिली. देणगी थोर होती, परंतु यंत्र फार अवघड होते. हॅलिफॅक्सचे अक्षांश सुमारे ५४, तर लिकचे ३७. ध्रुवाक्षाचा कल त्या त्या ठिकाणच्या अक्षांशाइतका असावा लागतो, म्हणून इंग्लंडात सरळ असलेला अक्ष कॅलिफोर्नियात सुमारे सतरा अंशांनी चुकीचा ठरला. त्यात मांडणी दुबळी आणि घड्याळाची चाल बेभरवशाची. ही दुर्बीण कोणी चालवावी ह्यावरून वेधशाळेत कलह माजला, आणि इतरही कारणे साचून १८९७ मध्ये संचालक होल्डन ह्यांस पद सोडावे लागले. १८९८ मध्ये जेम्स कीलर हे नवे संचालक आले. त्यांनी ही बदनाम दुर्बीण दुसऱ्या कोणाच्या गळ्यात न घालता स्वतःच हाती घेतली.

कीलर ह्यांनी नवे यंत्र मागितले नाही. त्यांनी असलेल्या यंत्राचे दोष एकेक करून वेगळे केले व ज्याचा उपाय शक्य होता त्याचा उपाय केला. उरलेल्या दोषांसाठी कॉमन ह्यांचीच एक युक्ती त्यांच्या कामी आली. काच एका सरकत्या चौकटीवर बसविलेली असे. चौकटीच्या कडेस नेत्रभिंग व तंतूंची फुली असे. आणि दोन काटकोनी मळसूत्रांनी काच व फुली दोन्ही एकदम सरकविता येत. निरीक्षक कडेच्या एका ताऱ्यावर डोळा ठेवून तासन्‌तास बसे, आणि तारा फुलीवरून हलताच मळसूत्र फिरवून काचच ताऱ्यामागे नेई. शेजारी जोडलेल्या दुसऱ्या दुर्बिणीतून पाहिले असते तर आरशाचे हलणे दिसले नसते; येथे तारा त्याच आरशातून येत असल्यामुळे आरशाचा दोषही आपोआप सुधारला जाई.

तथापि ह्या युक्तीलाही एक मर्यादा होती. अक्ष चुकलेला असता निरीक्षकाने एक तारा फुलीवर कितीही घट्ट धरून ठेवला, तरी सारे दृष्टिक्षेत्र त्या ताऱ्याभोवती हळूहळू फिरते व काचेच्या दुसऱ्या टोकाचे तारे चापाच्या आकाराचे उमटतात. दक्षतेने यंत्राची क्षणिक चूक झाकते, मूळची चूक झाकत नाही. म्हणूनच आधी अक्ष, मग घड्याळ, आणि शेवटी हाताची दक्षता, हा क्रम सोडून चालत नाही.

फळ अपेक्षेपेक्षा मोठे आले. १८९९ मध्ये कीलर ह्यांनी श्यामशबल तारकासमूहातील प्रसिद्ध सर्पिल तेजोमेघाचे चार तासांचे छायाचित्र घेतले. त्या व इतर काचांवर, मुख्य विषयाच्या आजूबाजूस, कोणीही पूर्वी न पाहिलेले लहान लहान तेजोमेघ उमटलेले दिसले, आणि त्यांतील बहुतेकांचा आकार सर्पिल होता. ह्या दुर्बिणीच्या आटोक्यात असे सुमारे १,२०,००० तेजोमेघ असावेत असा अंदाज कीलर ह्यांनी बांधला. तोपर्यंत सर्पिल तेजोमेघ ही एक दुर्मीळ वस्तू समजली जात असे. काच दोन-चार विकला ढळली असती तर हे सारे इवले सर्पिल अस्पष्ट ठिपके होऊन गेले असते व त्यांकडे कोणी वळूनही पाहिले नसते. कीलर १९०० च्या ऑगस्टमध्ये अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी निवर्तले. त्यांची छायाचित्रे १९०८ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पुढे त्याच दुर्बिणीवर काम करणाऱ्या हेबर कर्टिस ह्यांनी हे सर्पिल म्हणजे आपल्या आकाशगंगेबाहेरील स्वतंत्र दीर्घिका होत, असा पक्ष १९२० च्या प्रसिद्ध वादात मांडला, आणि १९२३ पासूनच्या हबल ह्यांच्या वेधांनी तो खरा ठरला.

महाराष्ट्राचाही ह्या इतिहासाशी संबंध आहे. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजी ह्यांच्या देणगीतून पुण्यास कॉलेज ऑफ सायन्सच्या आवारात त्यांच्याच नावाची वेधशाळा १८८८ मध्ये उभी राहिली. तिचे चालक प्राध्यापक कावसजी दादाभाई नेगमवाला. तेथील २० इंची आरशाची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब ह्यांच्या कारखान्यात घडली होती. रॉबर्ट्स ह्यांची देवयानीवर रोखलेली दुर्बीणही त्याच कारखान्याची व तेवढ्याच व्यासाची होती. नेगमवाला ह्यांचा मुख्य विषय वर्णपटशास्त्र. त्या कामात अंधुक तेजोमेघाचा प्रकाश केसासारख्या बारीक फटीवर दीर्घकाळ धरून ठेवावा लागतो, म्हणून दुर्बिणीची चाल तेथेही तितकीच खरी असावी लागते. डब्लिनचे अक्षांश ५३ आणि पुण्याचे साडेअठरा. त्यामुळे तेथे बऱ्याच उभ्या असणाऱ्या ध्रुवाक्षास पुण्यात जवळजवळ आडवे व्हावे लागते. १९१२ मध्ये नेगमवाला सेवानिवृत्त झाल्यावर ही वेधशाळा बंद झाली व दुर्बीण कोडाईकनालला गेली. तेथील अक्षांश १० अंशांच्या थोडे वर. म्हणजे त्याच दुर्बिणीच्या अक्षाला आणखी आठ अंश खाली झुकणे आले. गाव बदलले की दुर्बिणीस आपला ध्रुव नव्याने शोधावा लागतो.

विसाव्या शतकात वजनाच्या घड्याळाची जागा विजेच्या मोटारीने घेतली, आणि मग गणकयंत्र आले. १९७५ मध्ये सोव्हिएत रशियात ६ मीटर व्यासाची दुर्बीण सुरू झाली. तिने ध्रुवाक्षच सोडून दिला आणि तोफेसारखी वरखाली व आडवी फिरणारी मांडणी पत्करली, कारण दोन्ही गतींचा हिशेब क्षणोक्षणी करावयास गणकयंत्र होते. जुन्नरजवळ गिरवली येथे २००६ मध्ये सुरू झालेली आयुका संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीणही ह्याच जातीची आहे. डोळ्याच्या जागी कॅमेरा बसून तोच ताऱ्याचे ढळणे मोजतो व मोटारीस आज्ञा देतो; आणि मळसूत्राच्या एका फेरीतील चूक टिपून घेऊन पुढील फेरीत तिच्या उलट चाल देण्याची सोय हौशी निरीक्षकाच्या लहान मोटारयुक्त दुर्बिणीतही झाली आहे.

इतके होऊनही गच्चीवर दुर्बीण मांडणारा दक्ष निरीक्षक आजही प्रथम दक्षिणेचा एक तारा व पूर्वेचा एक तारा फुलीवर घेतो आणि ते कोणीकडे ढळतात ते पाहतो. कॅमेऱ्याच्या भरवशावर जो ही पायरी गाळतो, त्याच्या छायाचित्राच्या कडेचे तारे चाप होऊन उमटतात. यंत्रे बदलली, परंतु ढळणाऱ्या ताऱ्याची साक्ष नीट ऐकून, दोष कोणाचा हे ठरविल्यावरच हात घालावा, हा कीलर ह्यांचा क्रम तसाच राहिला आहे.